फिट आली म्हणजे नक्की काय आलं? तरुण मुलामुलींना झटके येत असतील तर तपासणी कशी करून घ्यायची

माझी भाची सोळाची होती तेव्हाची गोष्ट. ताई लालबागला चाळीत राहते, त्यामुळे गणपतीचे दहा दिवस त्यांच्याकडे झोप हा प्रकारच नसतो. अनंत चतुर्दशीला पोरगी रात्रभर मंडळाच्या पोरांबरोबर जागी, दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आली, मोरीत तोंड धुवायला गेली आणि धप्पकन पडली. डोळे उघडे पण वर गेलेले, अंग लाकडासारखं ताठ, मग हातपाय उडायला लागले, तोंडाला फेस. ताईला वाटलं गेली आपली पोरगी. अख्खा मजला गोळा झाला, एका काकूंनी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल आणली, कुणी हातात किल्ल्या दिल्या आणि एक भाऊ चमचा घेऊन दातखीळ उघडायला बसले. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं चाललं असेल पण ताईला विचाराल तर ती आजही पंधरा मिनिटं सांगते.

पहिल्या डॉक्टरांनी जागरण आणि अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं आणि घरी पाठवलं. नीट निदान व्हायला पुढे सात महिने लागले. त्यात तीन डॉक्टर झाले, एक सीटी, एक एमआरआय, दोन ईईजी (मेंदूतली वीज मोजायची तपासणी), आणि ताईच्या सासूबाईंच्या समाधानासाठी एक देवऋषी पण झाला. आणि शेवटी निदान झालं ते एका साध्या प्रश्नावरून. तो प्रश्न पुढे सांगते.

मी डॉक्टर नाही. पण या सात महिन्यांत काय करायला हवं होतं आणि काय उगाच केलं हे चांगलं कळलं, शिवाय नंतर ओळखीपाळखीत कुणाच्या घरी असं झालं की फोन मलाच येतो, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

झटका चालू आहे, आत्ता काय करायचं

पहिलं म्हणजे घड्याळ बघा. खरंच. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात की किती वेळ चाललं. आजूबाजूचं टेबल, स्टूल, गरम पातेलं बाजूला करा, डोक्याखाली टॉवेल किंवा ओढणीची घडी सरकवा, गळ्याशी काही घट्ट असेल तर सैल करा, चष्मा काढा. झटके कमी झाले की, आणि तोंडात उलटी किंवा फेस असेल तर लगेच जमेल तसं, कुशीवर वळवा म्हणजे ते बाहेर येईल, श्वासनलिकेत जाणार नाही.

तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, गोळी नाही. जीभ गिळली जाते ही अफवा आहे, जीभ चावली जाते, ती भरून येते, पण चमच्याने तुटलेला दात घशात गेला तर तो मोठा घोळ. हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, किल्ल्या यांनी काही होत नाही, झटका बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपोआपच थांबतो आणि श्रेय कांद्याला जातं. मी काकूंशी यावर भांडत नाही, फक्त म्हणते की काकू तुम्ही कांदा घेऊन लांब उभ्या राहा, वारा येऊ द्या.

१०८ ला फोन कधी? झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर. एक थांबला आणि शुद्धीवर यायच्या आतच दुसरा आला तर. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल, थांबलं म्हणून उद्यावर ढकलायचं नाही. डोक्याला मार लागलाय, पाण्यात असताना झालं, डायबेटिस आहे, मुलगी गरोदर आहे, सोबत ताप आणि मान आखडली आहे किंवा दोन-तीन दिवस वागणं विचित्र झालंय, थांबल्यावर श्वास नीट चालत नाहीये, एक हात किंवा पाय उचलता येत नाहीये, या सगळ्यात थेट इमर्जन्सी. चाळीत लिफ्ट नसते आणि गल्लीत अॅम्ब्युलन्स शिरत नाही म्हणून एकाने खाली नाक्यावर जाऊन उभं राहायचं, हे आम्हाला दुसऱ्या वेळी सुचलं.

लोकलमध्ये झालं तर? दारापासून आत ओढा, सीटच्या मधल्या जागेत कुशीवर ठेवा, आणि पुढच्या स्टेशनवर उतरवा. मुंबईत दोन स्टेशनांमध्ये काही मिनिटांचंच अंतर असतं, मध्येच चेन खेचून गाडी रुळावर उभी केली तर उलट मदत लांब जाते. स्टेशन मास्तरला सांगा, रेल्वेचा १३९ नंबर आहेच.

मग लगेच, त्याच दिवशी, लिहून काढा

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात कारण सगळ्यांना वाटतं की मशीन सांगेल. मशीन सांगत नाही. डॉक्टरांसमोर पोरगी बसते तेव्हा ती एकदम टुणटुणीत असते, झटका त्यांनी बघितलेला नसतो, तिला स्वतःला काही आठवत नसतं, म्हणजे जे घडलं ते फक्त तुम्ही पाहिलंय. आणि तुम्ही गेलात आणि सांगितलंत काय, तर "फिट आली". फिट हा शब्द घरात न वापरलेलाच बरा. काय दिसलं ते सांगा.

ज्याने सुरुवातीपासून बघितलं त्याच्याकडूनच लिहून घ्या, मागून आलेल्याकडून नाही. आधी काय चाललं होतं, उभी होती का बसली होती का झोपेत, किती तास झोप झाली होती, जेवण झालं होतं का, ताप, पाळी, काही नवीन औषध. पडायच्या आधी काही म्हणाली का, म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येतेय, घाम, मळमळ, की विचित्र वास येतोय, पोटातून काहीतरी वर येतंय, हे सगळं आधी घडून गेल्यासारखं वाटतंय. मग प्रत्यक्षात काय झालं. डोळे उघडे होते का मिटलेले. मान एका बाजूला वळली का, कुठल्या. झटके एका हातातून सुरू झाले का एकदम सगळ्या अंगात. चेहरा पांढराफटक होता का निळसर. लघवी झाली का. जीभ चावली का आणि कुठे, टोकाला की कडेला, कारण कडेला चावलेली जीभ डॉक्टरांना बरंच काही सांगते. आणि थांबल्यावर काय? लगेच उठून "काय झालं" विचारलं, की अर्धा तास गुंगीत, ओळखत नव्हती, डोकं दुखत होतं, दुसऱ्या दिवशी अंग ठणकत होतं?

व्हिडिओ काढा. मला माहितीये की हे ऐकायला कसंतरी वाटतं, पोटचं पोर तडफडतंय आणि मोबाइल काय काढायचा, पण एकाने सांभाळायचं आणि दुसऱ्याने काढायचा असं आधीच ठरवून ठेवा. लाइट लावा, अख्खं अंग आणि चेहरा दोन्ही फ्रेममध्ये येऊ द्या, मध्ये मध्ये तिचं नाव घेऊन हाक मारा म्हणजे प्रतिसाद देतेय का ते रेकॉर्ड होईल, आणि थांबल्यावर लगेच बंद करू नका, पुढची दोन-तीन मिनिटंही काढा. आम्ही दुसऱ्या झटक्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता, न्यूरोलॉजिस्टनी, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांनी, तो चार वेळा बघितला. आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही, ही पण सूचना इथे द्यावी लागते.

आता तो प्रश्न. तिसऱ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताईला विचारलं, सकाळी उठल्यावर हिच्या हातातून वस्तू पडतात का? ताई हसलीच. म्हणाली, अहो पडतात म्हणजे काय, तीन कप फोडलेत, परवा ब्रश उडाला हातातून, धांदरट आहे पहिल्यापासून. भाची म्हणाली, मी नाही टाकत, हात उडतो. वर्षभर हात उडत होता! वर्षभर ती बोलणी खात होती आणि आमच्यापैकी कुणालाही ते फिटशी जोडावंसं वाटलं नाही, आधीच्या दोन डॉक्टरांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. सकाळी उठल्यावर तासाभरात खांदे-हात असे दचकल्यासारखे उडणं, जागरणानंतर जास्त, आणि सुरुवात साधारण बारा ते अठराच्या वयात, ही एपिलेप्सीच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, एका नेहमीच्या प्रकाराची खूण आहे, जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात.

म्हणून मोठा झटका सोडून बारीकसारीक गोष्टीही लिहा. बोलता बोलता पाच-दहा सेकंद ब्लँक होतो का, वर्गात "लक्ष कुठेय" म्हणून ओरडा बसतो का, उगाच ओठ चाटणं किंवा शर्टाचं बटण चाचपणं, सकाळी उशीवर लाळ किंवा रक्ताचा डाग, झोपेत लघवी, अंगावर कळत नाही असे काळेनिळे डाग. लहानपणी तापात आकडी आली होती का, जन्माच्या वेळी काही त्रास, डोक्याला मार, टीबी, घराण्यात कुणाला फेफरं. आजीला विचारा, आई-बाबांना माहीत नसतं किंवा लपवलेलं असतं.

सगळीच फिट एपिलेप्सी नसते

हा भाग घाईने वाचू नका. चुकून एपिलेप्सीचा शिक्का बसला की तो पुसायला वर्षं जातात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो साध्या चक्कर येऊन पडण्याशी. पोरगा उपाशी, कॉलेजात उभा, गर्दी, उकाडा, किंवा रक्त काढताना सुई बघितली, घाम फुटतो, अंधारी येते, पांढरा पडतो आणि कोसळतो. आता गंमत अशी की नुसत्या चक्करमध्येसुद्धा मेंदूला रक्त कमी पडल्यामुळे हातपाय काही सेकंद उडू शकतात, कधी लघवीही होते, आणि बघणारे म्हणतात फिट आली. फरक असा की हे बहुतेक पंधरा सेकंदांच्या आत आटपतं आणि आडवं झाल्यावर अर्ध्या-एक मिनिटात माणूस भानावर येतो, गुंगी राहत नाही.

पण चक्कर म्हणून सोडून द्यायचं नाही असा एक प्रकार आहे, तो हृदयाचा. धावताना, पोहताना, क्रिकेट खेळताना पडला, किंवा जोरात अलार्म वाजल्यावर, दचकल्यावर पडला, पडायच्या आधी छातीत धडधडलं, किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक झोपेत किंवा खेळताना गेलंय, तर मेंदूच्या आधी हृदय बघायचं. हृदयाच्या विजेच्या तालात दोष असला, उदाहरणार्थ लाँग क्यूटी, तर तो अगदी फिटसारखाच दिसतो आणि जिवावर बेततो. म्हणून पहिल्या झटक्यानंतर एक साधा ईसीजी प्रत्येकाचा झालाच पाहिजे. पाच मिनिटांची, स्वस्तातली तपासणी आहे आणि आमच्या पहिल्या दोन डॉक्टरांनी ती केलीच नव्हती. तुम्ही मागून घ्या, लाजू नका.

मग येतात ते मनाच्या ताणातून येणारे झटके. डोळे घट्ट मिटलेले, पाच-दहा-वीस मिनिटं चालणारं, मध्येच कमी मध्येच जास्त, मान नाही नाही केल्यासारखी हलते. याला लोक नाटक म्हणतात. नाटक नाहीये हो! पोरगी मुद्दाम करत नाही, तिच्या ताब्यात नसतं ते, पण मेंदूत विजेची गडबड नसते म्हणून फिटच्या गोळ्यांनी फरक पडत नाही, आणि उपचार म्हणजे समुपदेशन, सायकॉलॉजिस्ट, घरात किंवा कॉलेजात काय चाललंय ते शांतपणे ऐकून घेणं. काहींना दोन्ही प्रकार असतात. नुसतं बघून घरच्यांनी ठरवायचं नाही, ते व्हिडिओ ईईजीवर ठरतं (तो काय असतो ते तपासण्यांत सांगते). आणि अंगात येतं म्हणून देवीच्या दारात बसवणाऱ्यांना काय सांगणार, तुम्ही देवीला जा, पण आधी ओपीडीला जाऊन या.

बाकी कारणं पटापट सांगते. रक्तातली साखर घसरणं, सोडियम किंवा कॅल्शियम कमी होणं. दारू एकदम सोडणं, काही नशेचे पदार्थ, काही पेनकिलर, आणि कापूर पोटात जाणं, हो, देवघरातला कापूर खाल्ला तर झटके येऊ शकतात. पॅनिक अटॅक. मेंदूतल्या टीबीची गाठ. आणि आपल्याकडे बऱ्याच प्रमाणात सापडतं ते म्हणजे टेपवर्मच्या अंड्यांमुळे मेंदूत होणारी बारीक गाठ. यावर हमखास ऐकू येतं की आम्ही तर शाकाहारी. त्याचा शाकाहाराशी संबंध नाही, ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या हातांवरून, भाजीवरून, पाण्यातून कुणाच्याही पोटात जाऊ शकतात. कोबीतला किडा कानातून डोक्यात जातो वगैरे जे ऐकलं असेल ते विसरा.

कुठे जायचं, कसं जायचं

आधी तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर, रेफरन्स चिठ्ठी घ्यायला तरी. मग न्यूरोलॉजिस्ट. मुलगा-मुलगी लहान वयाची असेल तर पेडियाट्रिक न्यूरोलॉजिस्ट, परळला वाडिया हॉस्पिटल मुलांसाठीच आहे. मोठ्यांसाठी पालिकेची केईएम परळला, सायन, नायर मुंबई सेंट्रलला, कूपर विलेपार्ल्याला, सरकारी जेजे भायखळ्याला. प्रायव्हेट तर तुम्हाला माहीतच आहेत. खिशाला परवडत असेल तर प्रायव्हेटला जा, पण परवडत नसताना दागिने गहाण टाकून जाऊ नका. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांनी एका महिन्यात जेवढ्या फिट बघितलेल्या असतात तेवढ्या बाहेर कुणी बघत नसेल. रांग आहे, घाम आहे, बाकडं मिळत नाही, पण डोकं तिथे आहे, हे माझं मत.

स्पेशल ओपीडी आठवड्यातून ठरावीक वारीच असते, तर आदल्या दिवशी वार विचारून घ्या नाहीतर फुकट हेलपाटा. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स बरोबर असू द्या, खर्च झेपत नसेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात मदतीची आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. मेडिक्लेमवाल्यांनो, अॅडमिट न होता केलेल्या तपासण्या बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत, आधी बघून घ्या.

बरोबर काय न्यायचं: लिहिलेला कागद, मोबाइलमध्ये व्हिडिओ, जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून, चालू औषधांची पाकिटं (आयुर्वेदिक, होमिओपॅथी, जिमची पावडर सुद्धा), आणि ज्याने झटका बघितला तो माणूस. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे झटका बघितला ताईने आणि पहिल्या वेळी डॉक्टरकडे गेले भावोजी, कारण "ती घाबरते". काय सांगणार ते? बघणारा येऊ शकत नसेल तर त्याला फोन लावून द्या. डॉक्टरांना पाच मिनिटंच मिळतात तुमच्यासाठी, म्हणून कागदावर वरच तीन ओळी: किती झटके, कुठल्या तारखांना, प्रत्येक किती वेळ.

आणि पोराला किंवा पोरीला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा. झोप, दारू, सिगरेट, गोळ्या, बॉयफ्रेंड, ताण, हे आईसमोर कुणीही सांगत नाही. तुम्ही सांगितलं असतं का?

तपासण्या आणि त्यांचा अर्थ

रक्त: साखर, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, किडनी-लिव्हर. ईसीजी वर सांगितलंच, शंका असेल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी).

ईईजीला लोक उगाच घाबरतात, शॉक देतात की काय म्हणून. शॉक वगैरे काही नाही, डोक्याला वायरी चिकटवतात आणि मेंदूतली वीज मोजतात, बस. अर्धा-पाऊण तास. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा, तेल अजिबात नको (भाचीच्या आजीने सवयीने सकाळी चंपी करून दिली आणि आमची अपॉइंटमेंट गेली). मध्ये जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांसमोर लाइट चमकवतात, शक्यतो झोपही रेकॉर्ड करतात. डॉक्टर म्हणाले असतील तर आदल्या रात्री कमी झोपायचं, पण मग ने-आण करायला माणूस सोबत हवा, लोकलने एकटं पाठवायचं नाही. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. झटक्यानंतर २४ तासांच्या आत ईईजी झाला तर काही सापडण्याची शक्यता वाढते.

आता रिपोर्ट. "ईईजी नॉर्मल म्हणजे एपिलेप्सी नाही" हे चूक. पहिल्या ईईजीत गडबड दिसते ती साधारण निम्म्या पेशंटमध्येच, कारण त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असू शकतो. भाचीचा पहिला नॉर्मलच होता, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. दुसरा, जागरण करून केलेला, त्यात सापडलं. उलटंही खरं आहे, ज्यांना कधीच फिट येत नाही अशा काहींचा ईईजीसुद्धा थोडा वेडावाकडा येतो. म्हणून रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर फिरवून "काय वाटतं" विचारण्यात अर्थ नाही. तरीही कळत नसेल तर व्हिडिओ ईईजी, म्हणजे अॅडमिट करून कॅमेरा आणि ईईजी दोन्ही तासन् तास चालू ठेवतात आणि झटका यायची वाट बघतात.

सीटी इमर्जन्सीत करतात, रक्तस्राव किंवा मोठी गाठ पटकन दिसते. पण बारीक गोष्टींसाठी एमआरआय लागतो, आणि चिठ्ठीवर "एपिलेप्सी प्रोटोकॉल" लिहून घ्या, साध्या एमआरआयमध्ये बारीक दोष निसटू शकतात. मशीन भयंकर आवाज करतं, बंदिस्त बोगद्यासारखं असतं, आधी सांगून ठेवा. चमकी, पैंजण, सेफ्टीपिन सगळं काढायचं. एमआरआय नॉर्मल आला तरी एपिलेप्सी असू शकते, भाचीचा तसाच आहे आणि तिच्या प्रकारात तो नॉर्मलच अपेक्षित असतो.

गोळी लगेच सुरू करायची का

गरजेचं नाही, आणि डॉक्टरांनी एका झटक्यानंतर गोळी दिली नाही म्हणून त्यांना नावं ठेवू नका. एपिलेप्सी म्हणायला साधारण नियम असा की कुठलंही तात्कालिक कारण नसताना २४ तासांपेक्षा जास्त अंतराने दोन झटके यायला हवेत, किंवा एकच झटका पण तपासण्यांवरून पुढे येण्याची शक्यता खूप जास्त दिसायला हवी. कारण नसताना पहिला झटका आलेल्या मोठ्या माणसांत पुढच्या दोन वर्षांत पुन्हा येण्याचं प्रमाण २१ ते ४५ टक्के सांगतात, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना त्या काळात दुसरा येतच नाही.

गोळी सुरू झालीच तर विचारा: प्रकार कुठला आहे? कारण सगळ्या फिटला एकच गोळी चालत नाही, कार्बामाझेपिनसारखं औषध काही प्रकारांत उत्तम आणि भाचीच्या प्रकारात हात उडणं उलट वाढवू शकतं. किती दिवसांनी फरक कळेल, एक डोस चुकला तर काय करायचं, अंगावर पुरळ आली तर कुणाला फोन करायचा (पुरळ, तोंडात फोड, ताप असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, कधी कधी हे गंभीर असतं), चिडचिड किंवा उदासी वाढली तर काय. पाच मिनिटांच्या वर गेलेल्या झटक्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवायचा का आणि किती, हेही विचारा.

मुलीच्या आयांनी अजून एक विचारायचंच. व्हॅल्प्रोएट हे औषध चांगलं आहे पण गरोदरपणात बाळाला त्यातून मोठा धोका असतो. "ती सोळाची आहे, आत्ता कुठे लग्न" म्हणून हा विषय टाळू नका, गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. ताईला हे विचारायला लाज वाटत होती, शेवटी मीच विचारलं आणि डॉक्टर म्हणाले, बरं झालं विचारलंत. त्यांनी दुसरं औषध निवडलं.

गोळी एकदम बंद करायची नाही, कुणाच्याही सांगण्यावरून, उपवास असो की बाबा असोत. अचानक थांबवली की झटका जोरात परत येतो.

निदान होईपर्यंत घरात

बाथरूमची कडी आतून लावायची नाही, दाराला "आत आहे" ची पाटी लटकवा. आंघोळ बसून, बादलीने. एकटीने गॅसपाशी तळण नको, माळ्यावर चढणं नको, गच्चीच्या कठड्यावर बसणं नको. पोहायला एकटं नाही, गणपतीत समुद्रात उतरायचं नाही. लोकलच्या दारात उभं राहायचं नाही आणि प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीच्या बरंच मागे, भिंतीशी. बाईक, स्कूटर बंद, कारण निदान पक्कं व्हायच्या आधी चालवणं म्हणजे दुसऱ्याच्याही जिवाशी खेळ, शिवाय लायसनच्या अर्जातल्या फॉर्म एकमध्ये फिट आणि शुद्ध हरपण्याबद्दल सरळ प्रश्न आहे, खोटं लिहू नका. झोप सात-आठ तास, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण हा प्रकार आता संपला. भाचीचा दुसरा झटका युनिट टेस्टच्या सकाळी आला होता. हे सगळं सांगताना पोरीला काचेच्या कपाटात मात्र ठेवू नका, कॉलेज, मैत्रिणी, नाच सगळं चालू राहू दे, आम्ही पहिले दोन महिने तिला गच्चीवर कपडे वाळत घालायलाही पाठवलं नाही आणि ती आमच्याशी बोलेनाशी झाली.

कॉलेजात एका मैत्रिणीला आणि एका शिक्षकाला सांगून ठेवा, काय करायचं आणि चमचा घालायचा नाही एवढंच. बाकी कुणाला सांगायचं ते तिला ठरवू द्या. नातेवाइकांत लगेच कुजबूज सुरू होते, हिचं लग्न कसं व्हायचं. त्यांना सांगायला एक माहिती जवळ ठेवा: हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचा जो उल्लेख होता तो १९९९ सालीच दुरुस्ती करून काढून टाकलाय. लपवून लग्न करायचं नाही, पण कायदा आडवा येत नाही. तिचं स्वतःचं मन खचलं असेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

गाडी अडली तर

गोळ्यांनी दहापैकी सातजणांचे झटके आटोक्यात येऊ शकतात. नीट निवडलेली दोन औषधं नीट डोसमध्ये देऊनही झटके चालूच राहिले, तर तिसरी-चौथी गोळी ढकलत वर्षं घालवू नका, एपिलेप्सीचं वेगळं युनिट असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात जा, तिथे निदानच परत तपासतात, आणि काहींना ऑपरेशनही लागू पडतं. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता टाइप केलेला रिपोर्ट किंवा फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो नाही, आणि ईईजीचीही मूळ रेकॉर्डिंग मिळत असेल तर मागून घ्या. आमची पहिली सीडी ताईने कपाटात चादरींखाली ठेवली होती, ती सापडेपर्यंत अपॉइंटमेंट एक आठवडा पुढे गेली.